नाकारलेला मुकुट

बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला एक सवय जडते. कोणताही व्यवहार पुढे आला की तो आधी कागद बघतो. सही कोणाची, अधिकार कोणाला, तारण काय? वरून आलेल्या तोंडी सूचनेवर विसंबलेले लोक पुढे कसे अडकतात, हे त्याने पाहिलेले असते. निवृत्तीनंतर इंग्लंडचा इतिहास वाचताना १७१४ सालच्या एका गुप्त व्यवहारापाशी मी असाच अडखळलो. एका बाजूला लंडनच्या सिंहासनावर बसलेली राणी अ‍ॅन आणि तिचे मंत्री, दुसऱ्या बाजूला परमुलखात आश्रिताचे दिवस काढणारा तिचा सावत्र भाऊ. सौदा होता इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या राज्याचा. आणि त्यात स्वच्छ लेखी उत्तर दिले ते फक्त त्या आश्रिताने.

जेम्स फ्रान्सिस एडवर्ड स्टुअर्ट हे त्याचे नाव. १० जून १६८८ रोजी लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यात तो जन्मला आणि त्याच्या जन्माने बापाचे राज्य बुडवले. बाप दुसरा जेम्स कॅथलिक, प्रजा बहुतांश प्रॉटेस्टंट. पहिल्या बायकोच्या मेरी आणि अ‍ॅन या दोन्ही मुली प्रॉटेस्टंट होत्या. राजामागे गादी त्यांच्याकडे जाईल, या हिशेबावर लोक गप्प होते. मुलगा झाला आणि हिशेब चुकला. मग अफवा उठली, की हे मूल राणीचे नव्हेच. बिछाना गरम करायच्या भांड्यातून कुणाचे तरी पोर आत आणले! त्या वेळी बाथ गावी असलेल्या अ‍ॅनच्याही मनात हा संशय होता. वर्ष संपण्याआधी मेरीचा नवरा, ऑरेंजचा विल्यम, फौज घेऊन इंग्लंडात उतरला. सहा महिन्यांच्या मुलाला घेऊन राणीने वेषांतर करून फ्रान्स गाठले. मागोमाग राजाही आला. चौदाव्या लुईने त्यांना पॅरिसजवळचा सेंट जर्मेनचा वाडा राहायला दिला.

१७०१ साली बाप वारला. लुईने तेरा वर्षांच्या जेम्सला इंग्लंडचा राजा म्हणून मान्यता दिली. त्याच साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा केला, की अ‍ॅनमागे गादी जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या सोफियाकडे आणि तिच्या प्रॉटेस्टंट वंशजांकडे जाईल. पुढच्या वर्षी विल्यम मेला आणि अ‍ॅन राणी झाली. ही मोठी दुर्दैवी बाई. सतरा वेळा दिवस गेले. बाळपण ओलांडलेला एकच मुलगा, तोही १७०० साली अकराव्या वर्षी गेला. रक्ताने सर्वांत जवळचा वारस म्हणजे तिचा भाऊ. कायद्याने वारस ती दूरची हॅनोव्हरवाली. आपण जिवंत असेतो हॅनोव्हरच्या घराण्यातल्या कुणाला अ‍ॅनने इंग्लंडात राहू दिले नाही. पण भावालाही तिने कधी बोलावले नाही.

भाऊ स्वस्थ नव्हता. १७०८ मध्ये फ्रेंच आरमार घेऊन तो स्कॉटलंडकडे निघाला, तर निघण्याच्या वेळीच गोवर आला, आणि किनाऱ्यावर पाय न ठेवताच परतावे लागले. मग फ्रेंच सैन्यातून तो लढला. मालप्लाकेच्या रणात त्याने दाखवलेल्या धैर्याचे शत्रूलाही कौतुक वाटले. १७११ साली त्याने बहिणीला पत्र लिहिले. उत्तर आले नाही.

तरीही दार किलकिले झाले होते. १७१० मध्ये लंडनमध्ये टोरी पक्षाचे सरकार आले. रॉबर्ट हार्ली, म्हणजे ऑक्सफर्डचा अर्ल, आणि बोलिंगब्रोक हे त्यातले दोन मातब्बर. त्यांना फ्रान्सशी तह हवा होता. निरोपांची ने-आण करायला गोतिए नावाचा, लंडनमध्ये राहणारा एक फ्रेंच पाद्री सापडला. तहाच्या निरोपांबरोबर जेम्ससाठीही निरोप जाऊ लागले. १७१३ साली उत्रेख्तचा तह झाला, त्यात फ्रान्सने प्रॉटेस्टंट वारसा मान्य केला. त्यामुळे जेम्सला फ्रान्स सोडून लोरेनमधल्या बार-ल-द्युक या गावी जावे लागले. आदल्याच वर्षी धाकटी बहीण लुईझा देवीने दगावली होती. तो स्वतः त्याच दुखण्यातून कसाबसा उठला होता.

१७१३ च्या नाताळात अ‍ॅन गंभीर आजारी पडली आणि घाई सुरू झाली. नव्या वर्षाच्या आरंभी गोतिएमार्फत अट आली: धर्म बदला, ते जमत नसेल तर निदान आपला धर्म लपवून ठेवा.

आता या तरुणापुढचे दाखले बघा. पणजोबा, फ्रान्सचा चौथा हेन्री, १५९३ साली धर्म बदलून राज्यावर स्थिर झाला. काका दुसरा चार्ल्स आयुष्यभर मनातले मनात ठेवून पंचवीस वर्षे राज्य करून गेला. १६८५ मध्ये मृत्युशय्येवर त्याने कॅथलिक धर्म घेतला. बापाने मात्र धर्म उघडपणे मिरवला आणि सारे गमावले. बदलणे, लपवणे आणि सांगणे, तिन्हींचे जमाखर्च घरातच मांडलेले. पंचविशीतल्या कुणीही पहिला किंवा दुसरा रस्ता धरला असता तर जगाने त्याला शहाणाच म्हटले असते.

मार्च १७१४ मध्ये जेम्सने उत्तर दिले. प्रजेच्या धर्माला हात लावणार नाही, इंग्लंडच्या चर्चचे संरक्षण करीन, पण स्वतःचा धर्म बदलणार नाही आणि लपवणारही नाही. त्याचे म्हणणे सरळ होते. जो सिंहासनासाठी देवाशी खोटे बोलेल, त्याच्या बाकीच्या वचनांवर प्रजेने विश्वास का ठेवावा? माझ्या मते तारण म्हणून त्याच्यापाशी एवढी एकच गोष्ट होती आणि ती त्याने गहाण टाकली नाही.

धर्म बदलला असता तर राज्य मिळालेच असते असे मात्र नाही. पलीकडची बाजू पाहा. हार्ली त्याच सुमारास हॅनोव्हरलाही निष्ठेचे निरोप धाडत होता. पार्लमेंटातली जेम्सच्या पक्षपात्यांची मते त्याला हवी होती. राणीने भावाला शब्द दिल्याचा एकही कागद नाही. उलट जूनमध्ये तिच्याच नावाने जाहीरनामा निघाला: जेम्स राज्यात उतरला तर त्याला पकडणाऱ्यास ५,००० पौंडांचे बक्षीस. १ ऑगस्टला अ‍ॅन वारली. सोफिया तिच्या काही आठवडे आधीच गेली होती, म्हणून तिचा मुलगा जॉर्ज विनासायास राजा झाला. पुढे बोलिंगब्रोक पळून जेम्सच्याच चाकरीत आला आणि हार्लीची रवानगी लंडनच्या टॉवरमध्ये झाली.

जेम्स काही मोठा सेनानी नव्हता. १७१५ चे स्कॉटलंडमधले बंड जवळजवळ विझल्यावर तो तिथे पोचला आणि दीड महिन्यात परतला. पुढे रोममध्ये पोपने दिलेल्या मूती वाड्यात त्याचे आयुष्य गेले. आपले वचन मात्र तो तिथेही पाळत राहिला. पोपच्या शहरात, आपल्या वाड्यात त्याने प्रॉटेस्टंट चाकरांसाठी त्यांच्या पद्धतीची प्रार्थना चालू ठेवली. मुलगा चार्ल्स याच्यावर प्रॉटेस्टंट पालक नेमला. त्यावरूनही घरात वाद पेटला आणि १७२५ मध्ये बायको क्लेमेन्तीना रुसून मठात जाऊन राहिली.

१७४६ मध्ये कलोडनच्या रणात याच चार्ल्सचा पराभव झाला आणि घराण्याची आशा संपली. चार वर्षांनी चार्ल्स गुपचूप लंडनला गेला आणि बापाने नाकारलेली गोष्ट त्याने केली. तो प्रॉटेस्टंट झाला. हाती काहीच लागले नाही.

जेम्स १ जानेवारी १७६६ रोजी रोममध्ये वारला. धाकटा मुलगा हेन्री कार्डिनल होता; नेपोलियनच्या लढायांत तो कफल्लक झाला, तेव्हा १८०० साली हॅनोव्हरच्याच तिसऱ्या जॉर्जने त्याला वर्षाला ४,००० पौंड देऊ केले आणि त्याने ते घेतले. रोमच्या सेंट पीटर चर्चमध्ये बापलेकांचे संगमरवरी स्मारक आहे, शिल्पकार कानोव्हाने केलेले. त्याच्या खर्चातही याच जॉर्जच्या मुलाने भर घातली.

ज्यांचे बोलणे एका पाद्र्याच्या तोंडी निरोपांत विरून गेले, त्यांच्या वारसांनी शंभर वर्षांनी उघडपणे पैसे मोजले. जुनी खाती अशीच बंद होतात. फक्त ज्याचे येणे असते, तो तेव्हा हयात नसतो.