गुलामाचा सेनापति झाला, पुढें काय?

आलेक्सांद्र द्यूमा या फ्रेंच कादंबरीकाराचें नांव आमच्या बहुतेक वाचकांनीं ऐकिलें असेल. त्याच्या बापाचेंही नांव तेंच होतें. आणि हा बाप गुलाम म्हणून जन्मास येऊन एकतीस वर्षांचा असतांना फ्रान्सच्या एका संबंध फौजेचा मुख्य सेनापति झाला, हें मात्र थोड्यांस ठाऊक असेल.

सन १७६२ त सां-दोमिंग या फ्रेंच वसाहतींत (आजच्या हैती देशांत) त्याचा जन्म झाला. आई मारी-सेसेत ही काळी दासी, बाप फ्रेंच उमराव. बापास स्वदेशीं परतावयाचें होतें व जहाजाच्या भाड्यास पैसा नव्हता. तेव्हां त्यानें पोटच्या पोरास परत घेण्याच्या बोलीनें विकिलें! आमच्या सावकार मंडळींस मुदतखरेदीचा व्यवहार परिचित आहे. त्यांत शेत जातें, घर जातें, येथें मुलगा गेला. पुढें बापानें त्यास सोडविलें व फ्रान्सांत आणून उत्तम शिक्षण दिलें. परंतु १७८६ सालीं मुलगा साधा घोडेस्वार म्हणून पलटणींत शिरूं लागला, तेव्हां घराण्याचें नांव शिपाईगिरींत नको, असें बापानें बजाविलें. मुलानें फौजेच्या दप्तरांत दासीचें, आपल्या आईचें, नांव लिहविलें.

१७८९ त राज्यक्रांति झाली आणि कुळाची अट सुटली. १७९३ त, म्हणजे सात वर्षांत, शिपायाचा सेनापति झाला. त्या धामधुमीच्या दिवसांत बायोन शहरीं शिरच्छेदाचें यंत्र त्याच्या खिडकीसमोर चाले. तो खिडक्या लावून घेई, म्हणून गांवकऱ्यांनीं त्यास माणुसकीचे साहेब अशी कुचेष्टेची पदवी दिली, असें त्याच्या मुलानें लिहून ठेविलें आहे. १७९४ च्या वसंतांत बर्फानें झांकलेले आल्प्सचे दोन घाट त्यानें जिंकिले. त्याच वर्षीं फ्रान्सनें आपल्या वसाहतींतील गुलामगिरी कायद्यानें रद्द केली होती. वांदेच्या बंडखोर प्रांतांत त्यास धाडिलें, तेव्हां आपल्याच फौजेची लुटालूट व बेशिस्त त्यानें सरकारास उघड कळविली. आमच्या मतें घाट जिंकण्यापेक्षां हें काम कठीण होतें. १७९७ सालीं टायरोलांत क्लाउझेनच्या पुलावर त्यानें एकट्यानें ऑस्ट्रियन स्वारांस थोपविलें. खुद्द नेपोलियननें त्याची तुलना प्राचीन रोमच्या होरेशियसाशीं केली.

हा स्नेह टिकला नाहीं. १७९८ च्या ईजिप्तच्या स्वारींत तो घोडदळाचा प्रमुख होता. मोहिमेच्या हेतूविषयीं त्यानें शंका काढिली व दोघांचें बिनसलें. १७९९ त परततांना त्याचें जहाज गळूं लागलें, तें इटलीच्या तारांतो बंदरांत शिरलें, आणि फ्रान्सशीं युद्ध चालू असलेल्या नेपल्सच्या सरकारानें त्यास कैद केलें. दोन वर्षांनीं सुटला तो शरीर खंगलेला.

घरीं येऊन पाहतो तों देश पालटलेला. १८०२ त नेपोलियननें वसाहतींत गुलामगिरी पुन्हां सुरू केली. काळ्या अंमलदारांस राजधानीजवळ राहण्याची बंदी झाली. द्यूमानें थकलेल्या पगारासाठीं अर्जांमागून अर्ज केले, व्यर्थ! १८०६ सालीं तो वारला, तेव्हां मुलगा चार वर्षांचाही नव्हता. विधवेस निवृत्तिवेतन मिळालें नाहीं. नेपोलियनच्या कायदेसंहितेची आम्हीही वाखाणणी करितों. पण त्याच हातानें हीहि फर्मानें निघालीं, हें झांकून ठेवण्यांत हंशील नाहीं.

पॅरिसच्या विजयकमानीवर द्यूमाचें नांव कोरलेलें आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं शहरांत त्याचा पुतळाही उभारला. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन अमलांत तो नाहींसा करण्यांत आला. त्याच चौकांत २००९ सालीं त्याचें जें स्मारक झालें, त्यांत घोडा नाहीं, तलवार नाहीं. गुलामाच्या पायांतील प्रचंड बेड्या आहेत, त्यांतील एक तुटलेली.