बीपी वाढवणारं अ‍ॅड्रेनॅलिन जगाला देणारे ताकामिने, आणि पेटंटवर नाव नसलेला त्यांचा सहकारी

अ‍ॅलर्जीचा जोरदार झटका येऊन बीपी एकदम खाली गेलं की डॉक्टर आधी अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन देतात. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय जोरात धडधडतं आणि बीपी वर येतं. हे औषध शुद्ध रूपात बाजारात आलं ते जोकिची ताकामिने या जपानी माणसामुळे.

१८५४ चा जन्म. वडील वैद्य, आईच्या माहेरी साके या दारूचा धंदा. ग्लासगोला शिकले, १८८४ च्या न्यू ऑर्लिन्सच्या प्रदर्शनाला गेले आणि पुढे तिथल्याच कॅरोलिन हिचशी लग्न केलं. १८९० मध्ये अमेरिकेतच बिऱ्हाड हलवलं. साकेच्या बुरशीने व्हिस्की बनवायचा बेत फसला, पण त्याच बुरशीपासून केलेलं पचनाचं औषध पार्क-डेव्हिस कंपनीने विकायला घेतलं. पैसा आला.

तोवर लंडनमध्ये ऑलिव्हर आणि शेफर यांनी दाखवून दिलं होतं की मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथींचा अर्क टोचला की प्राण्यांचं बीपी झपकन चढतं. अडचण एकच. त्या अर्कात भेसळ फार. त्यातला नेमका पदार्थ वेगळा काढायला मोठमोठे शास्त्रज्ञ धडपडत होते. बाल्टिमोरचे जॉन एबल जवळ पोहोचले, पण त्यांच्या हाती आलेला पदार्थ शुद्ध नव्हता.

१९०० च्या उन्हाळ्यात ताकामिने यांच्या न्यूयॉर्कमधल्या छोट्या प्रयोगशाळेत स्फटिक मिळाले. प्रत्यक्ष प्रयोग करत होता केइझो उएनाका, हाताखालचा तरुण. तो नागायोशी नागाई यांच्याकडे शिकलेला. एफेड्रिन वेगळं काढणारे हेच नागाई, आणि योगायोग बघा, एफेड्रिनही बीपी वाढवायलाच वापरतात.

पेटंटवर मात्र नाव लागलं एकट्या ताकामिने यांचं. निसर्गातल्या पदार्थाचं पेटंट कसं, म्हणून कोर्टातही भांडण झालं. १९११ मध्ये न्यायाधीश लर्नेड हँड यांनी पेटंट कायम ठेवलं. शुद्ध केलेला पदार्थ ही वेगळी वस्तू, असं त्यांचं म्हणणं.

ताकामिने श्रीमंत झाले. १९१२ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या जपानी चेरीच्या झाडांमागेही त्यांचा हात होता. पण त्या काळच्या कायद्यामुळे त्यांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळूच शकत नव्हतं. १९२२ मध्ये न्यूयॉर्कला वारले तेव्हाही ते जपानीच नागरिक होते.

उएनाकाची प्रयोगवही पुढे जपानमध्ये जपून ठेवली गेली. स्फटिक कसे मिळाले, ते त्याच्याच अक्षरात तिच्यात लिहिलेलं आहे.