रोनाल्ड रॉस

सर रोनाल्ड रॉस (१३ मे १८५७, अल्मोडा – १६ सप्टेंबर १९३२, लंडन) हे ब्रिटिश वैद्य व संशोधक होते. हिवतापाचा प्रसार डासांमार्फत होतो हे त्यांनी भारतात सेवेत असताना दाखवून दिले. या संशोधनाबद्दल त्यांना १९०२ सालचे वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिक मिळाले.

बालपण व शिक्षण

रॉस यांचे वडील ब्रिटिश भारतीय सैन्यात अधिकारी होते. वयाच्या आठव्या वर्षी रॉस यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले. त्यांचा ओढा काव्य, संगीत व गणिताकडे होता. मात्र वडिलांच्या इच्छेनुसार १८७४ मध्ये त्यांनी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण सुरू केले. १८८१ मध्ये ते भारतीय वैद्यकीय सेवेत दाखल झाले.

संशोधन

हिवतापाचे परजीवी रुग्णाच्या रक्तात असतात हे फ्रेंच वैद्य लाव्हराँ यांनी १८८० मध्ये शोधले होते. पण ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसे जातात, हे अज्ञात होते. १८९४ मध्ये लंडन येथे पॅट्रिक मॅन्सन यांनी रॉस यांचे लक्ष डासांकडे वेधले. १८९५ मध्ये मुंबईत उतरताच रॉस यांनी तेथील रुग्णालय गाठून हिवतापाच्या रुग्णांचे रक्त तपासण्यास प्रारंभ केला.

सिकंदराबाद येथे त्यांनी अळ्यांपासून वाढवलेले डास हुसेन खान या रुग्णाला चावू दिले आणि नंतर त्या डासांचे विच्छेदन केले. २० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या जठरभित्तीत त्यांना परजीवी आढळले. पुढे कोलकात्यात साहाय्यक महंमद बक्ष यांच्या मदतीने पक्ष्यांवर प्रयोग करून, परजीवी डासाच्या लाळग्रंथींत पोहोचतात व चाव्यावाटे रक्तात शिरतात, हे त्यांनी १८९८ मध्ये सिद्ध केले. मानवी हिवतापाचे हेच चक्र अ‍ॅनॉफिलीस डासात पूर्ण होते, हे त्याच वर्षी इटलीतील ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. श्रेयावरून रॉस व ग्रासी यांच्यात निर्माण झालेला कटू वाद अखेरपर्यंत मिटला नाही.

बालकांमधील हिवताप

१८९९ मध्ये रॉस लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत अध्यापक झाले. हिवतापाच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांनी पाणथरी (प्लीहा) वाढते. प्रौढांमध्ये कालांतराने काही प्रमाणात प्रतिकारशक्ती निर्माण होते. त्यामुळे गावातील हिवतापाचे खरे प्रमाण लहान मुलांच्या तपासणीतून कळते. ग्रीस (१९०६) व मॉरिशस (१९०७-०८) येथे रॉस यांनी या पद्धतीचा वापर केला. वाढलेली पाणथरी असलेल्या मुलांना नियमित कोयनेल (क्विनीन) द्यावे, असा त्यांचा आग्रह होता.

कोयनेल डासाचा चावा थोपवत नाही. ते तांबड्या पेशींत वाढणारे परजीवी नष्ट करते. म्हणून आजारी मुलासाठी ते उपचार ठरते, तर नियमित घेतल्यास शरीरात शिरलेल्या परजीवींना ताप आणण्याइतके वाढू देत नाही. आजही बालकांसाठीची औषधे याच तत्त्वावर काम करतात. त्यांची मात्रा मुलाच्या वजनानुसार ठरते आणि ताप उतरला तरी ती पूर्ण करावी लागते; अर्धवट उपचाराने उरलेले परजीवी पुन्हा वाढू शकतात. आफ्रिकेच्या काही भागांत पावसाळ्याच्या महिन्यांत लहान मुलांना ठरावीक अंतराने प्रतिबंधक औषधे दिली जातात.

केवळ औषधावर विसंबणे मात्र रॉस यांना मान्य नव्हते. प्रत्येक डास मारण्याची गरज नाही, त्यांची संख्या विशिष्ट मर्यादेखाली आणली तरी रोग ओसरतो, हे त्यांनी गणिताच्या आधारे मांडले. साचलेले पाणी हटवण्याच्या मोहिमांना त्यातून शास्त्रीय आधार मिळाला.

सन्मान

१९११ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९२६ मध्ये लंडन येथे त्यांच्या नावाने संशोधन संस्था व रुग्णालय स्थापन झाले. तेथेच १९३२ मध्ये त्यांचे निधन झाले. २० ऑगस्ट हा दिवस जागतिक डास दिन म्हणून पाळला जातो.