हर्मन फ्योटिंगर: ऑटोमॅटिक गाडीत तेलाने चाकं फिरवणारा माणूस

बिरवाडीहून वरंध घाट चढताना मी मामाच्या ऑटोमॅटिक गाडीत आरपीएमचा काटा बघत बसतो. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की काटा आधी पळतो, गाडी मागाहून वेग घेते. परत येताना सपाट रस्त्यावर वेग ६० ला टिकला की काटा जरासा खाली येतो. मामाला वाटतं गिअर बदलला. पण गिअर तोच असतो, लागलेला असतो तो लॉकअप. तो का लागतो, हे एका जर्मन इंजिनिअरच्या आयुष्यातून छान कळतं.

हर्मन फ्योटिंगर १८७७ साली न्यूरेंबर्गला जन्मले. म्युनिकला इलेक्ट्रिकल शिकले आणि श्टेटिनच्या व्हल्कन जहाज कारखान्यात लागले. तिथे एक अडचण होती. वाफेचं टर्बाइन जोरात फिरलं तरच परवडतं, पण जहाजाचा पंखा सावकाश फिरायला हवा. मधे जनरेटर आणि मोटर टाकावी, तर वजन आणि खर्च फार.

मग त्यांनी पाण्याचा विचार केला. एका पंपाने पाणी ढकलायचं, त्या पाण्याने दुसरं चाक फिरवायचं. पण पाइपात ताकद वाया जाते. म्हणून त्यांनी पाइपच काढून टाकले आणि दोन्ही चाकं एकाच डब्यात समोरासमोर बसवली. मधे तिसरं, न फिरणारं चाक ठेवलं. ते परतणाऱ्या पाण्याची दिशा वळवतं, त्यामुळे फिरवण्याचा जोर वाढतो. १९०५ मध्ये पेटंट घेतलं. हाच टॉर्क कन्व्हर्टर. आज गाडीत पाण्याच्या जागी तेल असतं, एवढंच.

पण एक खोट राहिली. दोन चाकं एकमेकांना चिकटलेली नाहीत, त्यामुळे दुसरं पहिल्यापेक्षा थोडं मागेच राहतं. त्या फरकात इंधन जळतं आणि तेल तापतं. तेवढ्यात जहाजांसाठी चांगले गिअर आले. १९१३ मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘टिरपिट्झ’ या मोठ्या जहाजात फ्योटिंगरचं यंत्र होतं. पुढे १९२६ च्या सुमारास ते काढून गिअरवाली टर्बाइनं बसवली, तर वेग वाढला आणि इंधनही वाचलं. स्वतःचा शोध असा मागे पडताना फ्योटिंगर यांना पाहावं लागलं.

तोवर ते प्राध्यापक झाले होते, आधी डान्झिगला, १९२४ पासून बर्लिनला. एप्रिल १९४५ मध्ये, बर्लिनच्या लढाईत, तोफगोळ्याचा तुकडा लागून ते गेले.

चारच वर्षांनी, १९४९ मध्ये, अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने त्या खोटीवर उपाय आणला. कन्व्हर्टरच्या आत एक क्लच बसवला. वेग स्थिर झाला की तेलाच्या दाबाने त्याची प्लेट पुढच्या कव्हरला घट्ट दाबली जाते, आणि कव्हर इंजिनला जोडलेलं असतं. मग दोन्ही चाकं एकत्र फिरतात, घसरणं बंद. १९७० च्या दशकात तेल महागलं आणि हा लॉकअप हळूहळू सगळीकडे आला. आता तो कधी लावायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. तेल थंड असेल तर लावत नाही, जोरात ॲक्सिलरेटर दाबला तर सोडतो.

म्हणजे घाटात फ्योटिंगर यांचं तेल काम करतं आणि सपाटीला बाजूला होतं. तुमची गाडी एएमटी असेल तर तिच्यात हे नसतं. टॉर्क कन्व्हर्टरची असेल, तर पुढच्या वेळी काट्याकडे लक्ष ठेवा. पण चालवताना नको, बाजूच्या सीटवरून!