राजापूरचा खासदार आणि जगाचा नकाशा

रस्ता नाही, रेल्वे नाही, पावसाळ्याचे चार महिने बोटही बंद. अशा मुलखाच्या खासदाराने दिल्लीत जाऊन तिबेट, अल्जीरिया आणि बर्लिन यांवर बोलावे का? १९५७ ते १९७० या काळात आमच्या जामसंड्यात या प्रश्नावर जेवढा वाद झाला, तेवढा बहुधा आंब्याच्या भावावरच झाला असेल. वादाला कारण एकच होते, बॅरिस्टर नाथ पै.

आज तिशी-चाळिशीत असलेल्या वाचकांना हे नाव मालवणच्या सेवांगणावरून किंवा आजोबांच्या गजालींतून माहीत असते. माणूस फार लवकर गेला, म्हणून थोडे सविस्तर सांगायला हवे.

नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्याला झाला. वडील अगदी लहानपणीच गेले. मुलांना वाढवायचा भार आईवर पडला. पुढचे शिक्षण बेळगावात झाले. १९४२ च्या चळवळीत त्यांनी उडी घेतली आणि तुरुंगवास भोगला. त्यानंतर पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज आणि मग बॅरिस्टर होण्यासाठी लंडन. तिथे कायद्याइतकेच, किंबहुना जास्तच, लक्ष समाजवादी तरुणांच्या चळवळीकडे गेले. महायुद्धाने भाजून निघालेल्या युरोपातले तरुण आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या किंवा होऊ पाहणाऱ्या देशांतले तरुण एकत्र बसत, भांडत, ठराव करत. या तरुणांच्या जागतिक संघटनेचे मुख्यालय व्हिएन्नात होते आणि १९५४ मध्ये वेंगुर्ल्याचा हा मुलगा तिचा अध्यक्ष झाला. पत्नी क्रिस्टल याही ऑस्ट्रियाच्याच. म्हणजे जगाचे राजकारण त्यांनी वर्तमानपत्रांतून वाचले नव्हते. ते त्यांच्या उठण्याबसण्यातले होते.

असा माणूस १९५७ साली राजापूर मतदारसंघातून प्रजासमाजवादी पक्षातर्फे उभा राहिला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे वारे होते, समितीचा पाठिंबा होता, निशाणी झोपडी. राजापूरपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंतच्या या पट्ट्यात झोपड्याच जास्त होत्या, तेव्हा निशाणी समजावून सांगायची गरज पडली नाही, असे माझे आजोबा गमतीने म्हणत. ते स्वतः बैलजोडीवाले. आमच्या घरात एका ओटीवर दोन पक्ष नांदत, कारण माझे चुलते पक्के झोपडीवाले होते.

परराष्ट्र धोरण हा विषय कोकणी माणसाला परका नव्हता, हे मात्र लक्षात ठेवायला हवे. १९६१ पर्यंत आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेला, तेरेखोलपलीकडे, एक परदेश होता. तिथे कुणाची बहीण दिलेली, कुणाचे कुलदैवत. १९५५ च्या सत्याग्रहानंतर सीमा आवळली गेली आणि घरच्या लग्नालाही परवान्याचा प्रश्न आला. सालाझार हे नाव आमच्याकडच्या निरक्षर म्हातारीलाही ठाऊक होते. पोर्तुगाल पाश्चात्त्य राष्ट्रांच्या लष्करी करारात आहे, म्हणून ती राष्ट्रे त्याला दुखवत नाहीत, हे कारण समजून घ्यायला तिला नकाशा लागला नाही. शिवाय घरोघरचे कुणी ना कुणी पलटणीत, नाही तर जहाजावर खलाशी. बेळगावच्या मराठा पलटणीच्या केंद्रात भरती झालेला मुलगा उद्या कुठल्या सीमेवर जाईल, हे दिल्लीतल्या धोरणावर ठरणार होते. त्याच्या मनीऑर्डरीवर घर चालत होते.

१९६२ च्या फेब्रुवारीतली निवडणूक म्हणूनच वेगळी झाली. गोवा १९ डिसेंबरला मुक्त झाला होता. मतदान जेमतेम दोन महिन्यांवर. काँग्रेसचे लोक गोव्याचे श्रेय मागत. झोपडीवाले विचारत, चौदा वर्षे का लागली? वर लडाखमध्ये चीनने रस्ता बांधला, तो आपल्याला उशिरा का कळला? तिकडे उत्तर मुंबईत संरक्षणमंत्री कृष्ण मेनन आणि आचार्य कृपलानी यांची लढत याच मुद्द्यांवर चालली होती. गिरणीत काम करणारे आमचे चाकरमानी तिथल्या सभांची हकिकत पत्रांतून कळवत, आणि ती पत्रे जामसंड्यात मोठ्याने वाचली जात. मेनन मोठ्या मताधिक्याने निवडून आले. महाराष्ट्रात लोकसभेच्या ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसने घेतल्या. उरलेल्या तिघांत राजापूर होते.

आठ महिन्यांनी चीनने हल्ला केला. मेनन यांना जावे लागले आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. तिबेट चीनने गिळला, तेव्हापासून प्रजासमाजवादी पक्ष सरकारला सावध करत आला होता. आमचे म्हणणे खरे ठरले, असे म्हणून टाळ्या घेणे त्याच्या खासदारांना सहज शक्य होते. पण १४ नोव्हेंबरला आक्रमकाला हुसकावून लावण्याचा ठराव लोकसभेने एकमताने केला, त्यात हे विरोधकही होते. टीका आणि साथ यांचा मेळ घालणारी ही वागणूक मला नाथ पैंच्या राजकारणात सर्वांत मोलाची वाटते. युद्धकाळात मतदाराला दोनच सोप्या वाटा दाखवल्या जातात, सरकारची आरती किंवा सरकारची निंदा. यांनी तिसरी वाट धरली. ती अवघड होती आणि तिच्यात मते मिळतीलच याची खात्री नव्हती.

१९६७ ची निवडणूक मला स्वतःला आठवते, मी बारा वर्षांचा होतो. आता वादात ताश्कंद आले होते. जिंकलेली हाजीपीर खिंड परत का दिली, यावर आजोबा आणि चुलते यांच्यात तांदळाच्या रांगेत उभे असतानाही जुंपे. आजोबांचे म्हणणे असे की, शास्त्रीजी गेले, आता त्या सहीवर बोलू नये. चुलत्यांचे म्हणणे, माणूस गेला तरी सही देशाची असते. रुपयाचे अवमूल्यन, धान्यटंचाई हे सगळे होतेच. नाथ पै तिसऱ्यांदा निवडून आले. आजोबांनी त्या वर्षी मत कुणाला दिले, ते त्यांनी कधीच सांगितले नाही. पुढच्या वर्षी अमेरिकेत व्हिएतनामच्या युद्धावर अध्यक्षीय निवडणूक लढवली गेली, तेव्हा मात्र हेच आजोबा निक्सन की हम्फ्री यावर ठाम मत देऊ लागले!

या माणसाने आमच्या रस्त्यांकडे दुर्लक्ष केले, असा आक्षेप काहीजण घेत. मला तो पटत नाही. १९६० च्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपात ते अग्रभागी होते. बेळगावच्या सीमाप्रश्नावर ते अखेरपर्यंत बोलत राहिले. गोलकनाथ निकालाने मूलभूत हक्कांना हात लावण्याचा संसदेचा अधिकार काढून घेतला, तेव्हा तो परत मिळावा म्हणून १९६७ मध्ये त्यांनी खासगी विधेयक आणले. विरोधी बाकावरच्या एका सदस्याचे विधेयक देशभर चर्चेचा विषय व्हावे, हे क्वचितच घडते. मात्र त्यावर मतदान होण्याआधी, २७ डिसेंबर १९७० रोजी, लोकसभाच विसर्जित झाली.

त्यानंतर तीन आठवडे. १७ जानेवारी १९७१ ला बेळगावात संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांना आदरांजली वाहणाऱ्या सभेत ते बोलले आणि त्याच रात्री हृदयविकाराने गेले. वय ४८. मार्चमध्ये राजापूरने मधु दंडवते यांना निवडून दिले. संसदेचा तो अधिकार चोविसाव्या घटनादुरुस्तीने त्याच वर्षी परत आला.

मार्चच्या २५ तारखेला ढाक्यात लष्कर रस्त्यावर उतरले. वर्षभर निर्वासित येत राहिले आणि डिसेंबरात युद्ध झाले. मुंबईच्या बंदरातून गेलेल्या जहाजांवर आमच्या बाजूची मुले होती. रात्री दिवे झाकून रेडिओभोवती बसलेली माणसे बातम्या संपल्या की वाद घालत, पण आता वाद सरकारच्या धोरणावर नसे. लोकसभेत नाथ असता तर आज काय बोलला असता, यावर आजोबा आणि चुलते तासन्‌तास भांडत, आणि दोघेही आपापल्या बाजूने त्यालाच उभा करत.