कचऱ्याच्या मागे लागलेला डॉक्टर

दरवर्षी साधारण फेब्रुवारीत आमच्या झांडफोर्टच्या खेमेन्तेकडून करांचे बिल येते. खेमेन्ते म्हणजे नगरपालिका, हे इथल्या मंडळींना सांगायला नकोच; पण ही स्मरणिका भारतात आई-बाबांच्याही हातात पडते, म्हणून सांगितले. घरपट्टी वेगळी, सांडपाण्याची पट्टी वेगळी, कचऱ्याची वेगळी. कुठल्या दिवशी हिरवा डबा बाहेर ठेवायचा, कुठल्या दिवशी कागदाचा, याचेही वेळापत्रक असते. गणपतीचे निर्माल्य कुठल्या डब्यात, यावर आमच्या घरी पहिल्या वर्षी चांगलाच वाद झाला होता. सौ.चा निर्णय हिरव्या डब्याचा, आणि तोच अजून चालू आहे.

माझे गाव वेंगुर्ले. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी तिथे वखार बांधली. तिच्या पडक्या भिंतींवर आम्ही लहानपणी चढायचो, पण डच लोकांच्या देशात आयुष्य जाईल असे तेव्हा कुणी सांगितले असते तर हसलो असतो. वेंगुर्ल्याची नगरपालिका १८७६ सालची. अलीकडच्या काळात तिचे नाव झाले ते कचऱ्यामुळे. ओला-सुका कचरा घरोघरी वेगळा करून घेतला, प्लॅस्टिक रस्त्यांच्या डांबरात वापरले आणि जुन्या कचरा डेपोचे असे रूप पालटले की लोक तो पाहायला येऊ लागले. गावाहून फोन आला की आधी हीच बातमी!

हे सगळे सांगण्याचे कारण डॉ. सामुएल सार्फाती. आमच्याच व्यवसायातले, पण त्यांची ओळख मला इथे येऊन बऱ्याच वर्षांनी झाली.

सार्फातींचा जन्म ३१ जानेवारी १८१३ चा, ॲम्स्टरडॅमचा. पूर्वज पोर्तुगालकडून आलेले ज्यू. लायडनला वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते आपल्या शहरात परतले आणि गरीब वस्त्यांत रोगी पाहू लागले. त्या वेळचे ॲम्स्टरडॅम आज पोस्टकार्डावर दिसते तसे नव्हते. सव्वादोन लाखांच्या आसपास माणसे, तळघरांत राहणारी कुटुंबे, आणि घरातली सगळी घाण थेट कालव्यात. उन्हाळ्यात त्या कालव्यांची दुर्गंधी दूरवर जाई. पिण्याचे पाणी बाहेरून होड्यांतून यायचे. ज्याच्याकडे पैसे असतील त्याने ते विकत घ्यायचे. १८३२ मध्ये पटकी येऊन गेली होती, १८४८-४९ मध्ये पुन्हा आली. पटकीचा जंतू अजून कुणाला ठाऊक नव्हता.

इथे मला माझी इंटर्नशिप आठवते. नव्वदच्या दशकात एका ग्रामीण रुग्णालयात गॅस्ट्रोची साथ होती. रात्रभर सलाईन लावून एक लहान मुलगी आम्ही वाचवली. आम्हा पोरांना केवढा अभिमान! अकरा दिवसांनी ती पुन्हा आली. घरी तीच विहीर, तेच पाणी. या वेळी ती वाचली नाही. त्या विहिरीकडे जाऊन बघावे, असे मला दोन्ही वेळा सुचले नव्हते. आमचे काम वॉर्डात, असे वाटायचे.

सार्फातींना ते सुचले. दवाखान्यात बसून हा रोग संपणार नाही हे त्यांनी ओळखले आणि ते उद्योगाला लागले. १८४२ मध्ये औषधविक्रेत्यांची राष्ट्रीय संस्था उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. औषधे तरी शुद्ध मिळावीत, हा हेतू. १८४६ मध्ये व्यापार आणि उद्योगाचे शिक्षण देणारी शाळा काढली. आणि १८४७ मध्ये त्यांनी हात घातला तो कचऱ्याला. त्यासाठी त्यांनी कंपनीच काढली. शहरातली घाण गोळा करायची, तिचे खत करायचे आणि ते शेतकऱ्यांना विकायचे. म्हणजे शहरही साफ आणि पडीक जमिनीलाही कस. एका पदवीधर डॉक्टरने घाणीच्या गाड्यांचा हिशेब ठेवायचा! आपल्याकडे आजही एखाद्या एम.डी.ने असे केले तर नातेवाईक काय म्हणतील, याची कल्पना करा.

मग पाव. तेव्हाचा पाव महाग आणि अनेकदा भेसळीचा असायचा. १८५५ च्या सुमारास त्यांनी पीठ आणि पावाचा कारखाना उभारला आणि तिथला पाव सुमारे ३० टक्के स्वस्त पडू लागला. बेकरीवाले खूश नव्हते हे वेगळे सांगायला नको.

पाण्याचा प्रश्न मात्र दुसऱ्यांनी सोडवला. लेखक याकोब फान लेनेप यांच्या खटपटीने १८५३ मध्ये समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांतले पाणी नळाने शहराच्या वेशीपर्यंत आले. एका सेंटला एक बादली. आमच्या झांडफोर्टजवळच्या त्या टेकड्यांतून ॲम्स्टरडॅमला आजही पाणी जाते. तिथे मी रविवारी फिरायला जातो, हरणे दिसतात.

पुढे सार्फातींनी मोठी स्वप्ने पाहिली. लंडनच्या काचमहालासारखा उद्योगमहाल त्यांनी ॲम्स्टरडॅममध्ये उभा केला. तो १८६४ मध्ये खुला झाला. ॲम्स्टेल नदीकाठच्या भव्य हॉटेलची कल्पनाही त्यांचीच. इथे माझे मत सांगतो: महाल आणि हॉटेल यांचेच कौतुक जास्त होते, पण मला घाणीच्या गाड्या मोठ्या वाटतात. महाल १९२९ मध्ये जळून गेला. कचरा उचलणे मात्र पुढे नगरपालिकेने स्वतःच्या अंगावर घेतले, आणि आज त्याचीच पट्टी मी भरतो.

२३ जून १८६६ रोजी, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी ते गेले. हॉटेल पुरे झालेले त्यांना पाहता आले नाही. ते १८६७ मध्ये उघडले. त्याच १८६६ मध्ये पटकी परत आली होती आणि देशात सुमारे २० हजार माणसे दगावली. म्हणजे ज्या रोगापायी त्यांनी हा सगळा खटाटोप मांडला, तो त्यांच्या डोळ्यांदेखत गेला नाही. आउडरकर्कच्या जुन्या ज्यू दफनभूमीत त्यांना पुरले.

ॲम्स्टरडॅममध्ये त्यांच्या नावाचा रस्ता आहे आणि बागही. जर्मन अंमलात, ते ज्यू म्हणून, बागेचे नाव बदलले आणि त्यांचा पुतळाही हलवला. १९४५ मध्ये दोन्ही परत आले. अल्बर्ट काउपच्या बाजारात भेंडी-कोथिंबीर घ्यायला आपण सगळेच जातो. ही बाग तिथून दोन मिनिटांवर आहे. मधोमध स्मारकात डॉक्टरसाहेब बसवले आहेत, खाली कारंजे. पुढच्या वेळी पिशव्या घेऊन तिथल्या बाकावर जरा टेका.