कोठीघरातील शोध

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उन्मादाच्या रुग्णापुढे गुंगीची औषधे, विजेचे झटके आणि मनोरुग्णालयातील प्रदीर्घ बंदिवास याखेरीज फारसे काही नव्हते. ही कोंडी फोडली ती ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी. त्यांच्यापाशी ना सुसज्ज प्रयोगशाळा होती, ना संशोधक म्हणून नावलौकिक.

केड यांचा जन्म १९१२ साली व्हिक्टोरिया प्रांतातील मर्टोआ या गावी झाला. वडील मनोरुग्णालयात डॉक्टर असल्याने त्यांचे बालपण रुग्णांच्या सहवासात गेले. दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि केड जपान्यांचे युद्धकैदी झाले. चांगीच्या छावणीत त्यांनी तीन वर्षांहून अधिक काळ काढला. मनाच्या विकारांचे मूळ शरीरात असले पाहिजे, हा विचार तेथील निरीक्षणांतून दृढ झाला.

युद्धानंतर मेलबर्नजवळील बंडूरा येथील रुग्णालयात, एका वापरात नसलेल्या कोठीघरात त्यांनी प्रयोग आरंभिले. उन्मादात शरीरात एखादे द्रव्य अतिरिक्त साचत असेल आणि ते मूत्रावाटे बाहेर पडत असेल, असा त्यांचा तर्क होता. म्हणून रुग्णांचे मूत्र त्यांनी गिनीपिगच्या पोटात टोचले. कित्येक प्राणी दगावले. या विषारीपणात युरिक आम्लाचा वाटा किती, हे पाहावयाचे होते. परंतु ते आम्ल पाण्यात सहजी विरघळत नाही. केवळ या अडचणीपायी त्यांनी त्याचा लिथियमयुक्त क्षार निवडला, आणि विषारीपणा वाढण्याऐवजी कमी झाला! मग नुसते लिथियम कार्बोनेट टोचल्यावर काही वेळाने एरवी बुजरे असणारे हे प्राणी दोनेक तास शांत झाले. उताणे ठेवले तरी धडपडेनात.

ही शांतता म्हणजे विषबाधेचीच पूर्वखूण असावी, असे पुढे अनेक अभ्यासकांना वाटले. केड यांचा मूळ तर्कही टिकला नाही. तथापि प्राण्याने दिलेली सूचना म्हणजे सिद्धता नव्हे, याचे भान त्यांना होते. त्यांनी ते औषध प्रथम स्वतः घेतले. मार्च १९४८ मध्ये पाच वर्षे उन्मादाने ग्रासलेल्या ५१ वर्षांच्या एका रुग्णाला ते दिले गेले. काही महिन्यांत तो घरी परतला. उन्मादाच्या दहा रुग्णांवरील निष्कर्ष सप्टेंबर १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले.

परंतु १९५० मध्ये हाच पहिला रुग्ण लिथियमच्या विषबाधेने मरण पावला, आणि केड यांनी ते औषध वापरणे थांबविले. किती मात्रा तारक आणि किती मारक, हे गिनीपिग सांगू शकला नव्हता. ते कळण्यास रक्तातील प्रमाण मोजण्याची पद्धत आणि १९५४ मध्ये डेन्मार्कच्या मोगेन्स शाऊ यांनी प्रसिद्ध केलेली पद्धतशीर चाचणी आवश्यक ठरली. अमेरिकेने मान्यता दिली ती १९७० मध्ये. निसर्गात मिळणाऱ्या या स्वस्त क्षारावर एकाधिकार मिळविणे शक्य नव्हते. मग औषध कंपन्यांना त्यात स्वारस्य का वाटावे?

केड १९८० साली निवर्तले. लिथियम आजही या विकारावरील प्रमुख औषधांपैकी एक आहे. प्राण्यांवरील प्रयोग सर्वस्वी निरर्थक म्हणणारे आणि त्यांनाच अंतिम पुरावा मानणारे, या दोघांनीही हा इतिहास ध्यानी घ्यावा. मुक्या जिवांनी दिशा दाखविली. पुढील वाटेची जबाबदारी मात्र माणसाचीच होती.